‘ग्रहांची रांग मी स्वतः पाहिली’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘ग्रह सरळ रेषेत आलेच नव्हते’ हे माझं वाक्य तुम्हाला झोंबलं. जानेवारी २०२५ मध्ये गच्चीवरून नातवंडांसोबत ती रांग तुम्ही पाहिलीत, पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या युती वर्तवत आली आहेत आणि १९६२ च्या अष्टग्रहीचं (एकाच राशीत आठ ग्रह जमण्याचं) संकट होमहवनांमुळेच टळलं, असं तुमचं म्हणणं.

रांग पाहिलीत ती खरीच. पण तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलाय, तेव्हा हे मी तुम्हाला काय सांगावं! ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच प्रतलात फिरतात. बुधाची कक्षा ७ अंशांनी कललेली, शुक्राची साडेतीनच्या आत, बाकीच्यांची त्याहून कमी. आपणही त्याच प्रतलात बसून बघतोय. त्यामुळे ग्रह दोन दिसोत वा पाच, ते क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या आसपासच असणार. जानेवारीत विशेष एवढंच, की शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ संध्याकाळी एकाच वेळी क्षितिजाच्या वर होते. हात लांब करून मूठ धरली की सुमारे १० अंश झाकले जातात. शनीपासून मंगळापर्यंत अशा तेराएक मुठी बसल्या असत्या. १६ जानेवारीला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर होता, तर शनी सूर्याच्या पलीकडे जायच्या वाटेवर. या पसाऱ्यातून सरळ रेषा काढायची कशी?

पंचांगाला मी नावं ठेवलेली नाहीत. दोन ग्रहांचे भोग, म्हणजे क्रांतिवृत्तावर मोजलेली त्यांची अंशांतली जागा, सारखे झाले की युती. हे दिशेचं गणित आहे, त्यात अंतर येतच नाही. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी ०.१ अंशावर आले होते. साध्या दुर्बिणीतही एकाच दृष्टिक्षेत्रात गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी दिसत होती, आणि शनी मात्र गुरूच्या मागे तब्बल ७३ कोटी किलोमीटर! पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ पाचपट.

आता अष्टग्रही. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू जमले. यातला केतू हा पिंडच नाही, चंद्राची वाट क्रांतिवृत्ताला छेदते तो बिंदू. शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे चौघे त्या वेळी सूर्याच्या पलीकडे, म्हणजे आपल्यापासून जवळपास जास्तीत जास्त लांब होते. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची भरती-ओहोटीची ओढ चंद्राच्या सुमारे १९ हजाराव्या हिश्श्याइतकीच भरते. इथे तर तो पार पलीकडच्या टोकाला. उलट ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा गुरू सिंहेत, शनी मीनेत, मंगळ मकरेत. सगळे पांगलेले.

होमहवनांमुळे संकट टळलं, हा दावा मोठा सोयीचा. काही झालं तर ग्रहांमुळे, नाही झालं तर होमामुळे. पण मग १९८२ चं काय करायचं? त्या वर्षी ग्रह सूर्याच्या एका बाजूला येतील आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशावर (जमिनीखालच्या मोठ्या भेगेवर) महाभूकंप होईल, असं १९७४ साली एका इंग्रजी पुस्तकात छापून आलं होतं. १० मार्च १९८२ उजाडला आणि मावळला, लॉस एंजेलिस जागच्या जागी. तिथे होम कुणी केले होते, तेवढं कळवा.