चार ओळींच्या लूपनं बेसेल निघत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "सीमध्ये बेसेल फंक्शन नाही. जे-झिरो आणि जे-वन टेबलातून घ्या, रिकरन्सचा लूप फिरवा, हवी ती ऑर्डर मिळते. डबल घेतलं की १५ आकडे बरोबर." बेसेल म्हणजे गोल पडद्याच्या कंपनांसारख्या गणितात येणारी फंक्शनं: जे हा पहिला प्रकार, वाय दुसरा, आणि झिरो, वन हे त्यांचे क्रमांक, म्हणजे ऑर्डर. रिकरन्स म्हणजे मागच्या दोन किमतींवरून पुढची काढणं, आणि डबल हा सीमधला जास्त आकडे धरणारा दशांश संख्यांचा प्रकार. टिळकवाडीत मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. माझ्याकडच्या दोघांनी हा लूप थेट प्रोजेक्टमध्ये घातला, म्हणून लिहितोय.

"नाही" हे साफ चूक. लिनक्सवर मॅथ डॉट एच या गणिताच्या हेडर फाइलमध्ये जे-झिरो, जे-वन, जे-एन आणि वाय-झिरो, वाय-वन, वाय-एन अशी सहा फंक्शनं आहेत. ती आयएसओच्या सी स्टँडर्डमध्ये नाहीत, पॉझिक्सची, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या वेगळ्या स्टँडर्डची आहेत. त्यामुळे काटेकोर सी-११ (सी स्टँडर्डची २०११ची आवृत्ती) मोडमध्ये हेडर ती दाखवत नाही. गैरसमज बहुधा तिथलाच. नेहमीच्या मोडमध्ये, रेषा काढायच्या प्रोग्रॅममध्ये मॅथ डॉट एच जोडून वाय-वन नावाचं ग्लोबल व्हेरिएबल घेऊन बघा. कंपायलर अडवतो, कारण ते नाव आधीच बेसेलकडे आहे.

लूपचं दुखणं मोठं आहे. वहीवरच करू. क्ष = १ धरा. जे-झिरो ०.७६५२, जे-वन ०.४४०१, चार दशांशांपर्यंत. पुढची ऑर्डर काढायची तर आताच्या ऑर्डरची दुप्पट गुणिले आताची किंमत, वजा मागची किंमत. दुसरी येते ०.११५०, ठीक. तिसरी ०.०१९९, खरी ०.०१९६. चौथी ०.००४४, खरी ०.००२५. पाचवी ०.०१५३, आणि खरी ०.०००२५! सहावी तर ०.१४८६. किंमत कमी होत जायला हवी होती, ती उलट फुगली. हेच सूत्र दुसऱ्या प्रकारच्या बेसेललाही, म्हणजे वायलाही लागू पडतं, आणि ऑर्डर क्षच्या पुढे गेली की वाय झपाट्यानं वाढतो. राउंडिंगची बारीकशी चूक त्याच्यावर स्वार होते. डबलमध्येही हेच होतं, फक्त थोड्या उशिरानं. म्हणून ग्लिबसीचं, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं, जे-एन ऑर्डर क्षपेक्षा मोठी असली की वरून खाली उतरतं आणि शेवटी जे-झिरो किंवा जे-वनशी प्रमाण जुळवतं. ऑर्डर क्षपेक्षा लहान असेपर्यंत मात्र तुमचा लूप चालतो, तेवढं मान्य.

राहिले १५ आकडे. हलगीसारख्या गोल, ताणलेल्या कातड्याचा सर्वांत खालचा सूर जे-झिरोच्या पहिल्या शून्यावरून निघतो: २.४०४८२५५... तिथं २.४०४८ दिलंत तर उत्तर ०.०००००० नाही, सुमारे ०.००००१३ येतं. शून्याजवळ उत्तराचे आकडे तुमच्या इनपुटच्या शेपटीवर ठरतात. तिथं आकडे मोजू नका, चिन्ह कुठं बदलतं ते शोधा.