कोटावर कमिशन घ्या, शिपिंगवर कसलं घेता?

काल रात्री तासभर कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. एक जुना लोकरी कोट ऑनलाइन विकला आणि हातात आलेली रक्कम बघून आधी वाटलं, माझाच हिशेब चुकलाय. चुकला नव्हता. साइटचं कमिशन १३ टक्के हे मला माहीत होतं, मान्यही होतं. पण कशाचे १३ टक्के, ते नियमांच्या पानावर पार तळाशी लिहिलेलं. कोटाच्या किमतीचे नाहीत! गिऱ्हाइकानं भरलेल्या एकूण रकमेचे. शिपिंग धरून, कर धरून.

साधा आकडा घ्या. कपडा १०० चा, शिपिंग १५, कर ८. एकूण १२३. त्याचे १३ टक्के म्हणजे जवळजवळ १६, आणि हे १६ जाणार माझ्या १०० मधून. शिपिंगचे १५ कुरिअरवाल्याला गेले, कराचे ८ सरकारजमा झाले. त्यातला छदामही मला दिसला नाही, मग त्यावरचं कमिशन मी का भरायचं? वर प्रमोशनचे, म्हणजे कोट जास्त लोकांना दाखवण्याचे, पैसे वेगळे कापले. तो पर्याय लिस्टिंग, म्हणजे विक्रीची जाहिरात, टाकतानाच चालू होता, मी केलेला नव्हता.

कोट धुतला कोणी, सैल झालेली बटणं शिवली कोणी, मापं घेऊन फोटो काढले कोणी? मी!

स्वस्त कपड्यांचे तर आणखी हाल. अमेरिकेत पॉशमार्क या जुने कपडे विकायच्या साइटवर १५ डॉलरच्या खालच्या विक्रीला सरसकट २.९५ डॉलर कापतात, त्याच्या वर २० टक्के. म्हणजे ५ डॉलरचा टीशर्ट विकला तर निम्म्याहून जास्त पैसे तिथेच गेले. मग लोक असे कपडे विकायच्या भानगडीत न पडता कचऱ्यात टाकतात, याचं नवल कसलं?

आणि ‘विक्री फुकट’ या जाहिरातीवर तर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. विंटेड या तशाच साइटवर विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाहीत, पण खरेदीदाराला संरक्षण शुल्क (वस्तू आली नाही तर पैसे परत मिळावेत यासाठीचं) भरावंच लागतं. त्याचं बजेट तेवढंच असतं, मग तो माझ्याकडे घासाघीस करतो. मर्कारी या आणखी एका साइटनं अमेरिकेत २०२४ मध्ये विक्रेत्यांची फी काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये १० टक्के परत लावली. दर असे फिरत असतील तर माणसानं किंमत लावायची कशी?

माझं मागणं एवढंच आहे. लिस्टिंग टाकायच्या बटणाशेजारी एक ओळ दाखवा: या किमतीला विकलं तर तुमच्या हातात इतके पडतील. दर तुमचे, कापणार तुम्ही, मग आकडा आधी सांगायला काय हरकत आहे?

चार कपडे फोटो काढून ड्राफ्टमध्ये पडून आहेत. प्रत्येकाचा हिशेब वहीत मांडल्याशिवाय आता एकही टाकणार नाही.