दोन दहा ते तीन दहा

थीम पार्कमध्ये लेक होडीच्या राइडमधून उतरली, ओल्या हातांनी माझी ओढणी धरली आणि म्हणाली, "आई, पुन्हा!"

समोर जेमतेम पंधरा-वीस माणसं होती. पाच मिनिटांत नंबर लागला असता. पण २:३५ झाले होते आणि माझ्या फोनवर डोंगरातल्या ट्रेनचा स्लॉट दिसत होता, २:१० ते ३:१०. स्लॉट म्हणजे आधी धरून ठेवलेली वेळ, त्या वेळात गेलं की साध्या रांगेऐवजी वेगळ्या रांगेतून आत सोडतात. ती ट्रेन पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला. मी म्हणाले, "आत्ता नको गं, आपली वेळ जाईल." ती रडली नाही. मान मागे वळवून होडीकडे बघत माझ्याबरोबर चालत राहिली. माझ्या आईचा गुडघा दुखत होता, ती मागे पडत होती, आणि मी दर दोन मिनिटांनी वळून तिला "चल ना लवकर" म्हणत होते. २:५५ ला पोहोचलो तर गेटला साखळी. तांत्रिक बिघाड. थोड्या वेळाने ॲपवर बदली पास आला, त्यात निवडायला ज्या राइड होत्या त्यांतल्या दोन माझ्या लेकीच्या उंचीला चालत नव्हत्या.

राइड बंद पडतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुरक्षेसाठी बंद ठेवली तर चांगलंच आहे. मला लागलं ते दुसरंच. सहा वर्षांचं पोर एका गोष्टीत रमलं होतं आणि मी तिला तिथून उठवलं, का, तर सकाळी सातला अंथरुणात बसून मी एक वेळ धरून ठेवली होती. त्या दिवसापासून वेळ ठरवून राइडला जाण्याच्या या पद्धतीबद्दल बरंच वाचलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी हिशोब. आपल्याला वाटतं स्लॉट घेतला की रांग वाचली. आपली वाचते, पण राइडची क्षमता तर तेवढीच राहते. समजा एखादी राइड तासाला १००० माणसं नेते आणि साध्या रांगेत ४०० जण आहेत. सगळ्या जागा त्यांच्याच असतील तर शेवटच्या माणसाचा नंबर २४ मिनिटांत लागतो. आता त्या १००० पैकी ८०० जागा स्लॉटवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला तासाला २०० उरल्या. तीच ४०० माणसं, आणि शेवटचा माणूस दोन तास उभा. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे उभा असलेला कर्मचारी किती जणांना इकडून सोडतो आणि किती जणांना तिकडून, यावर सगळं ठरतं. त्या दिवशी एका राइडला आम्ही स्लॉटशिवाय साध्या रांगेत होतो, तेव्हा मी मोजलं. स्लॉटच्या बाजूने एकोणीस माणसं आत गेली, मग आमच्या बाजूने चार.

यावर कुणी म्हणेल, ते स्लॉटवाले आधी साध्या रांगेतच असते ना, मग रांग तेवढी लहान झाली की. पण ती माणसं काही घरी जात नाहीत. स्लॉटची वेळ होईपर्यंत ती दुसऱ्या राइडच्या रांगेत जाऊन उभी राहतात. एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांत! म्हणून मग ज्या छोट्या राइडला एरवी चालत जाऊन बसता यायचं, तिथेही अर्धा-पाऊण तास लागायला लागतो. आणि जी माणसं रांगेतही नाहीत ती वाटांवर, दुकानांत, खाण्याच्या जागी दाटी करतात. पार्कच्या धंद्याला ते बरंच आहे. रांगेत अडकलेला माणूस खरेदी करत नाही.

या पद्धतीची सुरुवात इतकी वाईट नव्हती. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९९ साली 'फास्टपास' आला तेव्हा तो फुकट होता. राइडजवळच्या यंत्रात तिकीट घालायचं, कागदाची चिठ्ठी घ्यायची आणि चिठ्ठीवरच्या तासाभरात परत यायचं. त्यातही चिठ्ठ्यांसाठी सकाळी पळापळ व्हायची, पण प्रत्येकाला पाय सारखेच वापरावे लागायचे. पुढे २०१४ च्या सुमारास हे सगळं फोनवर आणि मनगटी पट्ट्यावर गेलं. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी तीन राइड धरून ठेवता यायला लागल्या. म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या एखाद्या दिवशी दुपारी पावणेबाराला आपल्याला कुठे असावंसं वाटेल, हे घरी बसून ठरवायचं. २०२० च्या महामारीत ते थांबलं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत आलं तेव्हा पैसे भरून आलं. सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर, नंतर गर्दीप्रमाणे कमी-जास्त. एका राइडला दिवसातून एकदाच. जुन्या कागदी चिठ्ठीच्या काळात निदान दुसरी चिठ्ठी काढून त्याच राइडला परत बसता यायचं. आता "पुन्हा" म्हणणाऱ्या मुलाला साध्या रांगेत जावं लागतं, आणि ती रांग कशी झाली आहे ते वर सांगितलंच.

२०२४ च्या जुलैमध्ये तिथे पुन्हा आगाऊ बुकिंग सुरू झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'प्रीमियर पास' आला. त्यात वेळ ठरवायची गरज नाही. पासवरच्या प्रत्येक राइडला एकदा, वाटेल तेव्हा, वेगळ्या रांगेतून जायचं. किंमत माणशी काही शे डॉलरपर्यंत जाते. हे वाचून मी कितीतरी वेळ विचार करत बसले. सगळ्यात महाग पास कोणता, तर ज्यात घड्याळ बघावं लागत नाही तो. म्हणजे मनात येईल तेव्हा राइडला जाणं ही आता सगळ्यात वरच्या दराची गोष्ट झाली. लहान मुलाला थीम पार्कमधून दुसरं काय हवं असतं?

डेव्हिड मैस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ साली वाट बघण्याच्या मानसशास्त्राबद्दल लिहिलं होतं. रिकामं बसून काढलेला वेळ जास्त वाटतो, आणि अन्यायाने बघावी लागलेली वाट तर फारच लांब वाटते, हे त्यातले दोन मुद्दे. आम्ही साध्या रांगेत उभे असताना ते शब्दशः दिसलं. रांग पुढे सरकत होती तोवर माझी आई नातीला गोष्ट सांगत होती, दोघी मजेत होत्या. शेजारच्या दोरीपलीकडून माणसं भराभर पुढे जायला लागली तशी गोष्ट थांबली. लेक विचारायला लागली, "हे नंतर आले ना आजी? मग आधी का?" आईने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर देता आलं नाही.

आणि तो फोन! दिवसभरात मी पार्क किती बघितलं आणि पडदा किती बघितला याचा विचार केला की वाईट वाटतं. एक राइड झाली की पुढचा स्लॉट, तो मिळाला की आधीचा बदलता येतो का, मध्येच बॅटरी संपत आली म्हणून चार्जिंगची सोय शोधा. माझी आई एकटी गेली असती तर तिला यातलं काहीच जमलं नसतं. तिने तिकीट तेवढ्याच पैशांचं काढलं असतं आणि दिवसभर दुसऱ्यांना वाट देत उभी राहिली असती.

दुसरी बाजूही आहे. ज्यांना तासभर उभं राहणं शक्यच नाही, म्हणजे अपंग, आजारी, वयस्कर माणसं, त्यांना वेळ देऊन बोलावणं हा न्यायच आहे आणि तो फुकट मिळायला हवा. फ्लोरिडातल्याच ऑरलँडोच्या व्होल्केनो बे या वॉटर पार्कमध्ये २०१७ साली मनगटी पट्टा आला, आपला नंबर लागला की तो कळवायचा, पण एका वेळी एकाच राइडला नंबर लावता यायचा. प्रत्येकाला तो पट्टा मिळायचा, वेगळा पैसा नव्हता. तिथेही लोक कुरकुरायचे, पण तत्त्व मला पटतं. नंबर सगळ्यांनीच लावायचा, एका वेळी एकच.

माझं म्हणणं असं की साध्या रांगेला प्रत्येक राइडवर निदान अर्ध्या जागा राखून ठेवाव्यात, आणि गेटवरच्या पाटीवर नुसती "६० मिनिटं" न लिहिता शंभरातल्या किती जागा या रांगेच्या आहेत तेही लिहावं. तिकीट काढताना माणसाला ते कळलंच पाहिजे.

त्या दिवशी संध्याकाळी पार्क बंद व्हायला चाळीस मिनिटं होती तेव्हा आम्ही परत होडीकडे गेलो. रांग नव्हतीच. लेक चार वेळा बसली. चौथ्या फेरीला तिथल्या मुलाने तिला उतरायलाही सांगितलं नाही, दांडा तसाच ठेवून होडी पुढे सोडली. आई काठावरच्या बाकावर चप्पल काढून बसली होती आणि होडी वळणावर आली की हात हलवत होती.

सुट्टीत जाणार असाल तर माझं ऐका. स्लॉट घ्यायचेच असतील तर दोनच घ्या, ज्याच्यासाठी मुलं झुरतात तेवढेच. पार्क उघडायच्या आधी गेटवर पोहोचा, पहिल्या तासात साध्या रांगेतूनही बरंच होतं. आणि दोन स्लॉटच्या मध्ये निदान दीड तास मोकळा सोडा. पोरं "पुन्हा" म्हणतात तेव्हा तो लागतो.