पुस्तक लहानपणीचं, लाल पेन आत्ताचं

लहानपणी ज्या पुस्तकांपायी जेवणावरचं लक्ष उडालं होतं, ती पस्तिशीत पुन्हा वाचायला घेणार असाल, तर आधी एक गोष्ट पक्की करा. रमायचं नाही. रमण्याचं वय गेलं, आता तपासायचं वय आहे.

उदाहरणादाखल हॅरी पॉटर घ्या. माळ्यावरून सातही भाग खाली उतरवा, झुरळं झटका, शेजारी लाल पेन आणि दोनशे पानी वही ठेवा. उशी घेऊ नका. उशीला टेकलं की माणूस वाचायला लागतो.

पहिल्याच प्रकरणात माल आहे. गोष्ट सुरू होते मंगळवारी. हॅरीच्या आईवडिलांचा खून आदल्या रात्री, म्हणजे 31 ऑक्टोबरला झालेला. साल 1981, हे सातव्या भागात त्यांच्या थडग्यावरच कोरलेलं आहे. आता मोबाईलमध्ये 1 नोव्हेंबर 1981 काढून बघा. रविवार! म्हणजे हॅरीचे मावसोबा त्या दिवशी ड्रिलच्या कंपनीत कामाला गेले ते ओव्हरटाइमला, आणि लेखिका रोलिंगबाईंनी दुप्पट पगाराचा उल्लेखसुद्धा केलेला नाही. शिवाय हॅग्रिडनं, म्हणजे जादूच्या शाळेच्या राखणदारानं, पोराला ढिगाऱ्यातून काढलं एका रात्री आणि मावशीच्या दारात आणून ठेवलं दुसऱ्या रात्री. मधल्या दिवसभरात वर्षाच्या पोराला दूध कुणी पाजलं? हा प्रश्न तुम्हाला अकराव्या वर्षी पडला नव्हता, याची थोडी लाज वाटू द्या.

दुसऱ्या भागात निक नावाच्या भुताची पाचशेवी पुण्यतिथी आहे. केकवर मृत्यूची तारीखही आहे, 31 ऑक्टोबर 1492. पण हाच निक पहिल्या भागाच्या जुन्या छपाईत सांगतो की, मी जवळजवळ चारशे वर्षं जेवलेलो नाही. तेव्हा शंभरेक वर्षं हा गडी मेल्यावरही गुपचूप जेवत होता. पुढच्या आवृत्त्यांत चारशेचं पाचशे करून प्रकरण मिटवलं, पण तुम्ही मिटवू नका. त्याच केकमुळे दुसरा भाग 1992 सालचा ठरतो आणि चौथ्याची सुरुवात 1994 च्या उन्हाळ्यात येते. त्या उन्हाळ्यात हॅरीचा मावसभाऊ डडली चिडून आपला प्लेस्टेशन खिडकीबाहेर फेकतो. प्लेस्टेशन जपानच्या बाजारात आला डिसेंबर 1994 मध्ये आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी. बाजारात यायच्या आधी घरात येऊन फुटलासुद्धा! डडलीच्या वडिलांची कुठंतरी ओळख असणार. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे पटायला जड जाऊ नये.

चौथ्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या खुन्याच्या, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या, जादूच्या छडीतून त्यानं मारलेली माणसं उलट्या क्रमानं बाहेर येतात, त्यात सुरुवातीच्या छपाईत आईआधी बाप आला होता. आई शेवटी मेली, तेव्हा ती आधी यायला हवी. ही चूक नंतर सुधारली, त्यामुळे तिच्यात आता फारशी मजा नाही.

खरा मानकरी मार्कस फ्लिंट. पहिल्या भागात सहाव्या वर्षाला आणि तिसऱ्या भागातही, म्हणजे दोन वर्षांनी, आपल्या हाउसच्या टीममध्ये हजर. शाळा मात्र सातच वर्षांची. वाचकांनी धरलं तेव्हा लेखिकाबाईंचं उत्तर काय, तर एक माझं चुकलं असेल किंवा फ्लिंट नापास झाला असेल, आणि मला नापासाचं कारण जास्त बरं वाटतं. हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आयुष्यात कुठंही चालतं.

आपण रिकामटेकडे आहोत असं मध्येच वाटलं, तर घाबरू नका. या विद्येला घराणं आहे. शेरलॉक होम्सच्या वॉटसनला युद्धात लागलेली गोळी 1887 साली खांद्यात होती, 1890 साली ती पायात उतरली. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत खुद्द बायको त्याला जेम्स म्हणते. यावर डोरोथी सेयर्ससारख्या नाणावलेल्या लेखिकेनं तोडगा काढला की, जॉन एच. वॉटसनमधला 'एच' म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. बायको नवऱ्याचं नाव विसरली असेल, एवढं साधं कारण विद्वानांना चालत नाही.

फास्टर फेणेला मात्र हात लावू नका. फुरसुंगीचा बनेश, पुण्यातली शाळा, बुडाखाली सायकल. एवढ्या भानगडी करून हा पोरगा वर्षानुवर्षं शाळेतच कसा आणि अभ्यास करतो कधी, असले प्रश्न तुम्हाला पडतील. 2017 च्या सिनेमात तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो, म्हणजे कुठंतरी पास झाला असावा. पण ते पुण्याचं प्रकरण. चुका काढायला तिथं भरपूर माणसं आहेत, आपण कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या!

वही भरली की ती रविवारी मिसळीच्या टेबलावर उघडायची. कट दुसऱ्यांदा वाढून होईपर्यंत थांबा, त्याआधी कोल्हापुरात कुणी कुणाचं ऐकत नाही. मग सावकाश म्हणा, "भावा, एक नोव्हेंबरला मंगळवार नव्हताच." समोरचा ब्रेड बुडवता बुडवता म्हणेल, "मग?" हे 'मग' मनाला लावून घेऊ नका. त्याला अजून विषयाची खोली कळलेली नाही.

घरात वाचणारं लहान पोर असेल तर मात्र जपून. माझी भाची पहिला भाग घेऊन जमिनीवर पालथी पडली होती. मी शेजारी बसून निकच्या उपासाचा हिशेब मांडायला घेतला. तिनं मानही वर केली नाही. "मामा, गप बस की जरा, ट्रोल बाथरूममध्ये शिरलाय." असल्या वाचकांमुळेच लेखकांचं फावतं.

एवढी नजर तयार झाली की साहजिकच ती इकडं तिकडं वळते. तिला आवरा. रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलेली असेल. तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी रंकाळ्यात पोचेल, त्या दिवशी प्रलय. आता तांदूळ कुठला धरायचा? आजऱ्याचा घनसाळ धरला तर एक हिशेब, बासमती धरला तर नंदी रोज मागंच चाललाय आणि काही शतकांनी महाद्वार रोडला ट्रॅफिक अडवून बसेल. मी हा प्रश्न एकदाच घरात काढला. आजी म्हणाली, "तुला जेवायचंय का न्हाई?" तिच्या गोष्टीतल्या राजाला सोमवारी सात राण्या असायच्या आणि गुरुवारी पाच. उरलेल्या दोघी कुठं गेल्या, हे आम्ही चौघं भावंडं एका गोधडीत असूनही कुणी विचारलं नाही. पण ती आजी. छापील पुस्तकाला माफी नाही.

आणखी एक. तपासणी पहिल्या प्रकरणापासून सुरू करा, पण कोरं पान म्हणून जे पहिलं पान असतं, ते चुकूनही उघडू नका. मी उघडलं. तिथं निळ्या शाईत माझं नाव, ठसठशीत, खाली दुहेरी रेघ. त्याखाली लिहिलंय, 'इयत्ता पाचवी, 2005'. शाळेच्या दाखल्यावरून मी 2005 साली सहावीत होतो. पान उजेडाला धरलं, तर माझ्या नावाखाली आणखी एक नाव, ब्लेडनं खरवडलेलं, अक्षर चुलतभावाचं. तो माझ्यापेक्षा वर्षानं लहान. नाव खरवडताना त्याची इयत्ता खरवडायची राहून गेली. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की, हे पुस्तक मी स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेतलं.

रविवारी मिसळीला तोही असतो. परवा म्हणाला, "तुझ्याकडचा पहिला भाग दे की, पोरीला वाचायला पायजे." दिला. त्यानं पहिलं पान उघडलं, इयत्तेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

म्हटलं, "मी त्या वर्षी नापास झालो होतो."