एक लाखाचा चरखा आणि आपले खडखडणारे माग

संशोधनाला बक्षीस म्हटलं की आपल्याकडे चित्र ठरलेलं. शाल, श्रीफळ, फेटा, पाहुण्यांची लांबलेली भाषणं, आणि ज्यानं यंत्र बनवलं त्याला शेवटी दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, यंत्र माळ्यावर. पोरं खूश होतात, होऊ देत. पण त्यातून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एकाही यंत्रमागावरचा त्रास कमी झालेला मी तरी बघितला नाही.

बक्षीस लावावं कसं, ते १९२९ च्या जुलैमध्ये गांधीजींच्या चरखा संघानं दाखवलंय. सुधारित चरख्याला १ लाख रुपये. त्या काळातले एक लाख! मला मात्र रकमेपेक्षा अटी भारी वाटतात. चरखा हलका असावा, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालावा. बाईला फार न दमता सलग ८ तास चालवता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं (नंबर म्हणजे सुताचा बारीकपणा) १६,००० वार सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत. नीट निगा राखली तर २० वर्षं टिकावा, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये.

बघा, दुरुस्तीखर्चसुद्धा लिहिलाय! हे स्वतः सूत कातणाऱ्या माणसालाच सुचतं. आजच्या कुठल्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात ‘वर्षाला दुरुस्ती किती’ हा रकाना असतो?

ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीला तयार झालेला काळे यांचा चरखासुद्धा कसोटीत बसला नाही. काहीजण म्हणतील, मग उपयोग काय झाला? मला उलट वाटतं. अट सैल करून कुणाच्या तरी गळ्यात हार घालणं सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही. आणि शोध थांबला नाही. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकांबरनाथांचा अंबर चरखा आलाच की.

अट चांगली असूनही घोळ होतो तो परीक्षकांमुळे. इंग्लंडच्या संसदेनं १७१४ मध्ये समुद्रात रेखांश, म्हणजे जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठं आहे ते, शोधण्यासाठी २०,००० पौंड लावले. जॉन हॅरिसन या सुतारानं त्यासाठी घड्याळ बनवलं. पण निकाल देणाऱ्यांत खगोलशास्त्रज्ञांचं वजन होतं, आणि त्यातल्या मॅस्कलिन यांचा स्वतःचा भरवसा चंद्र बघून रेखांश काढायच्या पद्धतीवर. हॅरिसनला पैसे तुकड्यातुकड्यानं मिळाले, शेवटचे १७७३ मध्ये, म्हातारपणी.

आता आपल्या गावाचं बोलू. धोट्याच्या मागाच्या कारखान्यात कधी उभे राहिलात का? मिनिटाला शंभराच्या वर वेळा धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा ठोकळा, या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. फटका मारणारी काठी आणि धोटा, आवाजाचं मूळ मुख्यतः तिथं. आत कामगार खुणांनी बोलतात. पन्नाशीला आला की घरी टीव्हीचा आवाज मोठा करून बसतो, बायको तेलुगूत ओरडते, त्याला ऐकू जात नाही. बिनधोट्याचा रॅपियर माग घ्या म्हणणं सोपं आहे, पण चार जुने माग भाड्याच्या शेडमध्ये चालवणाऱ्यानं तेवढे लाख आणायचे कुठून?

तर माझं म्हणणं, सोलापूरनं या आवाजावर बक्षीस लावावं. जुन्याच मागाला बसेल असा जोड. आवाज किती कमी व्हावा तो आकडा आधी जाहीर करायचा. उत्पादन घटता कामा नये, कारण मजुरी कापडावर मिळते. घटलं तर कामगारच तो जोड काढून फेकेल. बिघडला तर आपल्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, पान्यानं दुरुस्त करता यावा. चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नको, चालू कारखान्यात घ्या, उन्हाळ्यातसुद्धा. परीक्षक म्हणून आयुष्यभर माग चालवलेले दोन कामगार आणि एक जॉबर. प्राध्यापक हवेत ते आवाज मोजायला.

पैसे कोण देणार? चादरी आणि टॉवेलवर मोठी झालेली घराणी गावात आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत जाहिरातींवर होणाऱ्या खर्चातून थोडे वळवले तरी सुरुवात होईल.

कारखानदार मित्रांनो, एका मागामागे असा जोड किती रुपयांपर्यंत परवडेल, तेवढा आकडा सांगा. पहिली अट तिथूनच लिहायला घेऊ.