वाड्याची कुंडली काढायचीय? या, बसा

पुण्याच्या कुठल्याशा पेठेत, पडायला टेकलेल्या एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर उभं राहून ‘इथे पूर्वी कोण राहत असेल?’ असा प्रश्न तुम्हाला पडला, तर तो तिथल्या तिथे गिळावा आणि घरी जाऊन झोपावं. झोप येत नसेल तर पुढचं वाचावं. सध्या मी याच भानगडीत आहे आणि मिळालेलं शहाणपण फुकट वाटायची मला घाई झाली आहे.

सगळ्यात आधी एखादं सबळ कारण तयार ठेवा. सरकारी कार्यालयातल्या जुन्या नोंदीची नक्कल मागायच्या अर्जात ‘नक्कल कशासाठी हवी’ असं विचारलेलं असतं. तिथे ‘कोर्टकामासाठी’ लिहावं, ‘बँक कर्जासाठी’ लिहावं, काहीच सुचलं नाही तर ‘खाजगी कामासाठी’ लिहावं. ‘घराचा इतिहास जाणून घेण्यासाठी’ असं लिहिणं मात्र असभ्यपणाचं आहे. मी तेच लिहिलं होतं, कारण तेच खरं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, मग मला पाहिलं, आणि शेजारच्या टेबलाला विचारलं, ‘‘इतिहासाला फी कोणती लावायची हो?’’ हिस्सा मागायला आलेला माणूस त्यांना कळतो. बिल्डरनं पाठवलेला कळतो. खोटे वारस उभे करणारासुद्धा कळतो, त्याला तर खुर्ची मिळते. नुसतं कुतूहल घेऊन आलेला माणूस मात्र नक्की काहीतरी लपवतोय, याबद्दल सगळ्या टेबलांचं एकमत असतं.

मग घराचा नंबर शोधा. घराला एकच नंबर असतो ही समजूत शाळेतच सोडून यायची होती. एक सिटी सर्व्हे नंबर, एक महापालिकेचा घर नंबर, त्याच्या आधीचा ‘जुना घर नंबर’ आणि चौथा फक्त पोस्टमनला माहीत असलेला. खरेदीखतात जुना, घरपट्टीत नवा, मालमत्ता पत्रकावर (म्हणजे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर) तिसराच. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा तक्ता अस्तित्वात आहे, असं सगळे सांगतात. तो कुठल्या कपाटात आहे हे ज्यांना माहीत होतं ते रिटायर झाले. आणि फारच मागे गेलात तर पेठेचंच नाव बदलतं. रविवार पेठ आधी मलकापूर होती, शनिवार पेठ मुर्तजाबाद. तेव्हा घरमालकाआधी पेठ शोधावी लागते, ही जास्तीची मौज.

मालमत्ता पत्रक हल्ली घरबसल्या मिळतं. कॅप्चा वाचता आला, सर्व्हर जागा असला आणि पैसे कापल्यावर कागद खरोखर उतरला, तर मिळतं. त्यावरची लिपी मराठीच असते, घाबरू नका. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान (वयानं लहान) वारसाचा पालनकर्ता, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, अर्थात नवरा. या भ्रतारांच्या आधी बायकांची नावं असतात, ती नीट बघा. कारण अशा कितीतरी वाड्यांत चार-चार पिढ्या मुली जन्मल्या, वाढल्या, सासरी गेल्या आणि त्या तिथे होत्या याचा कागदावर पत्ता नाही. घरातली मुलगी मिळकतीच्या कागदावर पहिल्यांदा उगवते ती बहुधा हक्कसोडपत्रावर. म्हणजे ‘मला काही नको’ एवढं सांगायला तिला बोलावलेलं असतं. सही झाली की पुन्हा गायब. यात विनोद कुठे करायचा ते मला सापडलेलं नाही, म्हणून पुढे जाऊ.

घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणजे तोच मालक, असं समजून खुशाल खूश व्हा. कोर्ट तसं मानत नाही, पण कोर्टाला कुठे कसलं कुतूहल असतं!

जनगणनेत घरोघरी भरलेले तक्ते मागायचा विचारही नको. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ ते कोणालाही दाखवू देत नाही. विलायतेत शंभर वर्षांनी तरी उघडतात.

कुठलाही कागद सापडत नसला की तो ‘पानशेतमध्ये गेला’ असं समजावं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, लोकांचे संसार वाहून गेले. त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. पण त्याच पुरानं १९७४ सालचा एक दस्त दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातून वाहून नेला, ही नवी माहिती मला अलीकडेच मिळाली.

पेशवाईपर्यंत जायची हौस असेल तर मोडी लिपी शिकून घ्या. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, आधी ओळ आखायची आणि मग हात न उचलता लिहीत सुटायचं, असा तो मामला. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईच्या कागदांच्या सरकारी संग्रहात, हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. १९३० ते १९३४ मध्ये त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले गेले, ते चाळून बघा आणि आपल्या वाड्याचा उल्लेख नाही म्हणून हिरमुसून परत या. छापताना मोहिमा निवडल्या, मोऱ्या नव्हेत. मूळ कागद हाती लागलाच तर तारीख असेल ‘सन सलास खमसैन मया व अलफ’. तीन, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (मृग नक्षत्राला सुरू होणारी जुनी कालगणना) ११५३. मृगापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ६००. झाला इसवी सन १७५२ किंवा १७५३. बघा, किती सोपं. खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगातला हाच भाग मला सोपा गेला, कारण मेलेले कारकून ‘उद्या या’ म्हणत नाहीत.

भाडेकरूंचा शोध घेणाऱ्यांनी देवाकडे एकच मागणं मागावं: त्या घरात भरपूर भांडणं झालेली असू देत. मालकाचं नाव कुठे ना कुठे सापडतं. पण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पन्नास वर्षं राहिलेला माणूस, त्याची आई, पोरं, हे सगळे कुठे नोंदवलेले नसतात. रजिस्टर मालमत्तेचं असतं, माणसांचं नाही. सुदैवानं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालक आणि भाडेकरू यांना पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात नांदवलं. त्या दाव्यांमध्ये कोण कुठल्या खोलीत, कधीपासून, सामायिक मोरी कोणाची, जिन्याखालच्या जागेत कोळसा कोण ठेवायचा, सगळं शपथेवर लिहिलेलं असतं. वाटपाचा दावा झाला असेल तर वंशावळसुद्धा आयती. सलोख्यानं राहिलेली कुटुंबं पुसली गेली, भांडखोर अमर झाली. जुन्या मतदार याद्याही घर नंबराच्या क्रमानं बघता येतात, पण त्या बघायला मिळवणं हा वेगळा लेख.

नातेवाइकांना फोन करायचा असेल तर सणासुदीला करा. एरवी ‘आजोबांच्या वेळी वाडा कोणाकडून घेतला?’ एवढं विचारलं की पलीकडे शांतता पसरते आणि मग वकिलाचा नंबर मिळतो.

आता जुन्या नोंदवहीबद्दल. कार्यालय कुठलं ते विचारू नका, तुमच्याही ओळखीचं असेल. घराची सगळ्यात जुनी नोंद जिथे सापडण्याची शक्यता होती ती नोंदवही तिथे आहे, हे मला आधीच कळलं होतं. रीतसर अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, पोच घेतली. ठरल्या दिवशी गेलो. नोंदवही समोरच होती. लाल कापडात बांधलेली, कापडाचा रंग उडून विटकरी झालेला, कडेनं पानांचा भुगा टेबलावर सांडलेला. तिच्यावर स्टीलचा डबा, डब्याखाली ओल्या गोलाचा डाग, आणि त्या गोलाशेजारी आधीच्या कित्येक डब्यांचे गोल.

‘‘जीर्ण आहे,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘उघडली तर तुकडे पडतील.’’

‘‘मग स्कॅन केलं नाही?’’

‘‘स्कॅनिंगला पाठवली होती. उघडता येत नाही म्हणून परत आली.’’

‘‘मग हिचा उपयोग काय?’’

‘‘उपयोग कशाला? रेकॉर्ड आहे.’’

मी म्हटलं, मी स्वतः हात लावत नाही, तुम्हीच पान उलटा, मी लांबून वाचतो. साहेबांची परवानगी लागते. साहेब कुठे आहेत? साहेब मीटिंगला. कधी येतील? मीटिंग संपली की साईटवर जातील. मग लेखी उत्तर तरी द्या. लेखी उत्तर मिळालं, झटपट मिळालं: ‘सदर अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही.’ सही, शिक्का, जावक क्रमांक. हे इतकं वेगानं झालं की ते छापूनच ठेवलेलं असणार.

बाहेर स्टॅम्प व्हेंडरच्या टपरीपाशी एक सद्गृहस्थ भेटले. त्यांना मी काही सांगितलंही नव्हतं, त्यांना सगळं माहीत होतं. ‘‘जीर्ण म्हणाले ना?’’ एवढंच विचारून त्यांनी आकडा सांगितला. मी दिला नाही. माझ्याबरोबर रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं दिला, त्याला वारसनोंदीसाठी त्याच वहीतली नोंद हवी होती आणि त्याच्यापाशी वेळ नव्हता. संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर पानाचा फोटो आला. त्यानं मला दाखवला. त्याच वहीचं पान. अखंड. एक तुकडा पडलेला नाही. शाई स्वच्छ, रकाने स्वच्छ, आणि खालच्या कोपऱ्यात पान दाबून धरलेला अंगठा.

म्हणजे ती वही उघडते. पैसे दिले की तिचा जीर्णोद्धार होतो!

तर सल्ला असा की... नाही, सल्ला-बिल्ला पुरे झाला. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे नोंदणी झालेल्या मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि सूची, फी भरून कोणालाही बघता येते. कोणालाही. कारण विचारायची तिथे सोय नाही. माहिती अधिकाराला तीस दिवसांची मुदत आहे. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्राचा २००५ चा वेगळा अधिनियम आहे आणि अभिलेख नियमबाह्य नष्ट केला तर तुरुंगवासाची तरतूद आहे. शंभर वर्षं जुन्या वहीवर रोज ओला डबा ठेवणं म्हणजे ती नष्ट करणंच आहे, फक्त हप्त्याहप्त्यानं. टेबलामागचे गृहस्थहो, ती वही तुमच्या मालकीची नाही. ज्या कारकुनानं ती टाकानं, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिली त्याला तुमच्यापेक्षा कमी पगार होता आणि तुमच्यापेक्षा जास्त लाज होती. फोटो काढता येतो हे तुमच्याच अंगठ्यानं सिद्ध केलंय. मग सगळ्या पानांचे काढा, सरकारी फीमध्ये द्या, आणि वही बंद कपाटात ठेवा. यात अवघड काय आहे?

आणि कार्यालयांना शिव्या घालताना माना डोलावणारे तुम्ही, वाड्यांचे वारसदार, तुम्हीही ऐका. खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस तमक्याची सामायिक भिंत. एका घराचा कागद हरवला तर शेजारच्या तीन घरांच्या कागदांवरून त्याचा मालक सापडतो. म्हणजे तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत नुसतं तुमचं घर नव्हतं, अख्खी गल्ली होती. ती ट्रंक तुम्ही काय केलीत? वाडा बिल्डरला देताना किती फूट मिळणार, पार्किंग कुठे, लिफ्ट किती माणसांची, याच्या बारा मीटिंगा घेतल्यात. भाडेपावत्यांच्या स्थळप्रतींची (मालकाकडे राहणाऱ्या नकलांची) पुस्तकं, बाळबोध अक्षरातल्या खर्चाच्या वह्या, मोडीतली गहाणखतं ‘वाचता येत नाहीत’ म्हणून किलोवर घातलीत. वाचता येत नव्हती तर वाचणारे याच शहरात आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच शहरात आहे, रिक्षानं जाता येतं. पण ट्रंकेचं पितळी कुलूप मात्र दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवलंत, ‘अँटिक’ म्हणून.

आणि वर मलाच फोन करता, ‘‘आमच्या घराण्याचं काही सापडलं का हो?’’ रद्दीवाल्याला विचारा.