तासाभरात लक्ष्मी विलास पॅलेस?

'दरबार हॉल बघितला की बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस तासाभरात उरकतो' हे पॅलेसवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आवारातलं महाराजा फतेसिंग म्युझियम लेखात कुठेच नाही, आणि राजा रविवर्म्याची चित्रं तर तिथेच आहेत! सयाजीराव महाराजांनी खास त्याच्याकडून काढवून घेतलेली. त्यातल्या 'सीता भूमिप्रवेश' या चित्रासमोर जरा थांबून बघा, छापील कॅलेंडरवर न दिसणारे ब्रशचे फटकारे दिसतात, मूळ तैलचित्र ते मूळच.

आमची मावशी बडोद्याची त्यामुळे मी लहानपणापासून जातेय, आणि सांगते की बागेलाही वेळ द्या, ती लंडनच्या क्यू गार्डन्स या प्रसिद्ध वनस्पती उद्यानातल्या विल्यम गोल्डरिंगने आखलेली आहे, नुसती पार्किंगकडे जायची वाट नाही. निदान अर्धा दिवस ठेवा, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.